आंबवड्याच्या दोन समाध्या आणि शब्द मोडण्याची बोली

भोरजवळचे आंबवडे नागेश्वराच्या प्राचीन देवळासाठी ओळखले जाते. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तेथे जावे ते दोन समाध्यांसाठी. एक कान्होजी जेधे यांची, दुसरी शंकराजी नारायण सचिव यांची. शब्द देण्याचे आणि मोडण्याचे आपले वाक्प्रचार कोठवर पुरतात आणि कोठे अपुरे पडतात, हे या दोन समाध्यांपाशी ध्यानात येते, असे आम्हांस वाटते.

शब्द मोडण्याच्या बाबतीत मराठी भलतीच संपन्न आहे. वचन न पाळणारा हात वर करतो, घूमजाव करतो, टोपी फिरवतो. कट्ट्यावरच्या बोलीत तो पलटी मारतो किंवा टांग देतो. ज्याला आशा लावली, त्याला गाजर दाखवले जाते, त्याच्या तोंडाला पाने पुसली जातात, नाहीतर वाटाण्याच्या अक्षता लावल्या जातात. यांतले पुष्कळ वाक्प्रचार अंगाच्या हालचालींचे आहेत. शब्द मोडणारा त्यांतून चपळ आणि काहीसा हास्यास्पद दिसतो. याउलट शब्द देण्याची भाषा पवित्र मानलेल्या वस्तूंची आहे. बेलभंडार उचलायचा, तुळशीवर हात ठेवायचा, खाल्ल्या मिठाला जागायचे. मुलेदेखील गळ्याची शपथ घालतात, आणि ती बाधू नये म्हणून नंतर 'सुटली म्हण' असा आग्रह धरतात.

'पाणी सोडणे' हा वाक्प्रचारही याच घरातला. दान देताना हातावरून पाणी सोडले, की त्या वस्तूवरचा हक्क संपला. 1659 मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. कान्होजी आपल्या पाच मुलांसह शिवाजीराजांकडे गेले. वतन जाईल, असे राजांनी बजावले, तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, असे जेधे करीना सांगतो. शहाजीराजांना त्यांनी शब्द दिला होता, आणि त्या शब्दाची दिशा एकच होती. किंमत जबर होती, पण पेच नव्हता. आज आपण नोकरीवर किंवा उधारीवर पाणी सोडतो, तेव्हा तो संकल्प मागे पडून केवळ नुकसान उरलेले असते.

दुसऱ्या समाधीची गोष्ट 1707 मधली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूराजांची सुटका झाली आणि त्यांनी गादीवर हक्क सांगितला. ताराबाईंनी तो नाकारला आणि आपल्या सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली. पुढे खेडच्या लढाईत परशुराम त्रिंबक शपथेला जागून लढले. धनाजी जाधव शाहूराजांना मिळाले. शंकराजी नारायण या दोघांच्या मध्ये सापडले. राजाराम महाराजांच्या काळात त्यांनी मोगलांकडून किल्ले परत घेतले होते आणि ते सचिवपदाला पोचले होते. ताराबाईंना दिलेली शपथ मोडणे त्यांना पटेना, आणि थोरल्या गादीच्या वारसावर शस्त्र धरणेही पटेना. आंबवड्यास त्यांनी जीव दिला. कोणी जलसमाधी म्हणतात, कोणी हिरकणी खाल्ली असे सांगतात. शाहूराजांनी पुढे सचिवपद त्यांच्या अल्पवयीन मुलाला, नारो शंकर यांना दिले. याच घराण्याचे भोर संस्थान 1948 पर्यंत टिकले.

आता वर दिलेली यादी पुन्हा वाचावी. धनाजींना 'पलटी मारली' म्हणणे सोपे आहे, परंतु खऱ्या वारसाला ओळखणे ही पलटी कशी? परशुरामपंत 'शब्दाला जागले' हे खरे, पण त्याच शब्दापायी ते शिवछत्रपतींच्या नातवाशी लढले. शंकराजींसाठी तर यादीत काहीच नाही. 'इकडे आड तिकडे विहीर' किंवा 'धर्मसंकट' हे शब्द अवस्था सांगतात. त्या अवस्थेतल्या माणसाने शब्द पाळला की मोडला, याविषयी ते गप्प राहतात. शब्द एकच असतो आणि तो एकतर पाळला जातो किंवा मोडला जातो, असे आपले वाक्प्रचार गृहीत धरतात. ऐतिहासिक कादंबरी व नाटक यांतील निष्ठावंत आणि फितूर अशी सोपी विभागणीही याच गृहीतावर उभी असते. ती शिकवताना आंबवड्याची आठवण ठेवावी, असे आम्ही सुचवू.

मुलांच्या खेळात शपथेतून सोडवणारा एक शब्द तरी असतो. शंकराजींना 'सुटली' म्हणणारे कोणी नव्हते.