वाफेची काटकसर

ऊर्जाबचतीच्या यंत्रांचा इतिहास आपण सहसा बचतीच्याच बाजूने वाचतो. न्यूकोमेनच्या १७१२ मधील इंजिनात दर फेऱ्याला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवावा लागे. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून बोल्टन आणि वॉट वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. (बचतीलाच भाडे लावण्याची ही युक्ती आम्हाला यंत्राइतकीच कल्पक वाटते!) पुढे चाक फिरवण्याची सोय होताच हेच काटकसरी इंजिन खाणीतून गिरणीत शिरले. काटकसरीने कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, असे जेव्हन्सने १८६५ मध्ये बजावले. त्याला धास्ती होती ती ब्रिटनचा स्वस्त कोळसा संपण्याची. तापत्या हवामानाचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.