एक समुद्र, तीन किनारे आणि एक रडणारे पिलू

१/ जून-जुलै महिन्यांत वाडन समुद्राला ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर कधी कधी सीलचे एखादे पिलू एकटेच दिसते. मान वर करून ते एकसारखे रडत असते. जर्मन भाषेत अशा पिलाला ‘हॉयलर’ म्हणतात. अर्थ : आक्रोश करणारा.

२/ त्याला उचलून न्यावे, तसेच राहू द्यावे, की वेदनामुक्त मरण द्यावे? नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क हे तिन्ही देश याच उथळ समुद्राच्या काठी वसले आहेत. समुद्र एक, सीलची जात एक. तरी या प्रश्नाला मिळालेली उत्तरे मात्र तीन. त्या उत्तरांचा हा इतिहास.

३/ आरंभी हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता. मासेमारांच्या दृष्टीने सील म्हणजे जाळ्यातले मासे पळवणारा चोर. डेन्मार्कमध्ये तर सील मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळत असे. पुढे कातड्याला भाव आला आणि पिलांचीही शिकार वाढली. रडणारे पिलू दिसणे म्हणजे सोपी शिकार सापडणे.

४/ नेदरलँड्सने आपल्या वाडन किनाऱ्यावर १९६२ मध्ये शिकार थांबवली. जर्मनी आणि डेन्मार्कने १९७०च्या दशकात. तरीही डच किनाऱ्यावरील सील वाढेनात. १९७०च्या दशकाच्या मध्यास तेथील मोजणीत जेमतेम ५०० सील उरले होते. बंदुका थांबल्या होत्या; मग मारत कोण होते?

५/ उत्तर पाण्यात होते. डच शास्त्रज्ञ पीटर रायंडर्स यांनी सील माद्यांचे दोन गट केले. एका गटाला वाडन समुद्रातील प्रदूषित मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधील तुलनेने स्वच्छ मासे. पहिल्या गटात गर्भधारणेचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी भरले. ‘नेचर’ नियतकालिकात १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशयाचे बोट पीसीबी या औद्योगिक रसायनांकडे होते.

६/ याच पडत्या काळात, १९७१ मध्ये, उत्तर नेदरलँड्समधील पीटरब्यूरन या छोट्या गावात लेनी ट हार्ट यांनी आपल्या घराच्या परसात सीलच्या पिलांचे संगोपन सुरू केले. त्या परसातूनच पुढे जगभर नावाजलेले सील-रुग्णालय उभे राहिले.

७/ त्या काळाचा नैतिक हिशेब सरळ होता. सील मोजकेच उरलेले आणि त्यांची ही अवस्था माणसानेच केलेली. अशा वेळी वाचलेले प्रत्येक पिलू ही त्या पिलावरची दया होती आणि जातीची राखणही. दोन्ही कर्तव्ये एकाच कृतीत सामावत होती.

८/ १९८८ मध्ये साथ आली. गोवराच्या विषाणूशी नाते सांगणाऱ्या एका विषाणूने युरोपच्या किनाऱ्यांवर सुमारे १८ हजार सील मारले. वाडन समुद्रातील निम्म्याहून अधिक सील गेले. मरणासन्न सीलची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि लोकभावना हेलावली.

९/ साथीनंतर जे घडले, त्याने मात्र जुना हिशेब बदलला. वाचलेले सील झपाट्याने वाढले. २००२ मध्ये तीच साथ पुन्हा आली. त्यानंतरही तेच घडले. २०१०च्या दशकात वाडन समुद्रातील मोजणी २५ हजारांच्या पुढे गेली. जात तगवण्यासाठी एकेका पिलाला वाचवण्याची गरज आता उरली नव्हती.

१०/ दरम्यान १९९० मध्ये तिन्ही देशांनी सील-संरक्षणाचा करार केला. सील पकडण्यास वा मारण्यास त्यात बंदी आहे; अपवाद मोजके. आजारी, दुबळ्या किंवा उघडपणे आईविना राहिलेल्या दूधपित्या पिलांना नेमलेली केंद्रे उचलू शकतात. आणि जो सील स्पष्टपणे यातना भोगतो आहे व जगणे अशक्य आहे, त्याला नेमलेली व्यक्ती मारू शकते. शुश्रूषा आणि मृत्यू, दोन्ही वाटा एकाच करारात.

११/ डेन्मार्कने एक वाट धरली. तेथे सीलचे पुनर्वसन केले जात नाही. निसर्गाला त्याच्या क्रमाने चालू द्यायचे; असह्य यातना दिसल्या तर अधिकारी गोळी घालून त्या संपवतो.

१२/ जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात निर्णय एका माणसाच्या हाती असतो. त्याच्या पदाचे नाव आजही ‘सील-शिकारी’ असेच आहे. शिकार संपली, पद उरले, काम पालटले. पिलाला तपासून ते फ्रीडरिश्सकोगच्या केंद्रात पाठवायचे की तेथेच मरण द्यायचे, हे तो ठरवतो.

१३/ नेदरलँड्सने दीर्घकाळ उचलून नेण्याकडेच कल ठेवला. त्यावर अनेक शास्त्रज्ञांचा आक्षेप होता : बंदिस्त जागेतले रोग आणि औषधांना न जुमानणारे जंतू सुटकेबरोबर समुद्रात जाऊ शकतात, दुबळे जीव तगवल्याने निसर्गाची निवड बोथट होते, वन्य प्राण्याला माणसाळलेले महिने सोसावे लागतात ते वेगळेच.

१४/ शुश्रूषा करणाऱ्यांचे उत्तरही दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. जाळी, जहाजे, प्रदूषण, पर्यटकांची वर्दळ, यांतले काय ‘निसर्ग’ आहे? इजा माणसाने करायची आणि उपचाराची वेळ आली की निसर्गनियमाचा दाखला द्यायचा, हा न्याय कसला?

१५/ या वादात एक कटू सत्य दडले आहे. रडणारे प्रत्येक पिलू अनाथ नसते. आई काही काळ त्याला एकटे सोडून जाते. भोवती माणसे आणि कुत्री जमली, तर ती परतण्याचे धाडस करीत नाही. कळवळ्याने जवळ गेलेली गर्दीच कित्येकदा पिलाला पोरके करते.

१६/ २०१८ मध्ये डच सल्लागार समितीने संयमाची शिफारस केली आणि २०२० मध्ये केंद्रे व शासन यांच्यात करार झाला. एकट्या पिलावर आधी दुरून नजर ठेवायची, गरज पडल्यास २४ तासांपर्यंत; मगच निर्णय. परसातल्या संगोपनापासून या २४ तासांपर्यंत पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

१७/ १९७१ मध्ये पिलाला उचलणे योग्य होते म्हणून आजही ते योग्य ठरतेच असे नाही. आणि आज थांबणे योग्य म्हणून त्या काळची करुणा भाबडी ठरत नाही. मोजक्या सीलांच्या समुद्रातली दया आणि हजारो सीलांच्या समुद्रातली दया सारखी असू शकत नाही.

१८/ हा हिशेब त्या पिलाला मात्र ठाऊक नसतो. त्याची भूक १९७१ मध्ये जेवढी होती, तेवढीच आजही आहे. म्हणूनच दुरून पाहणाऱ्या स्वयंसेवकाचे ते २४ तास सोपे नसतात. हात पुढे करण्यापेक्षा हात आवरणे कधी कधी अधिक जड जाते.

॥ थ्रेड समाप्त ॥