प्रदक्षिणेच्या मध्यभागी काय असते?

मराठीत वाटेला लागलेल्या माणसांसाठी शब्दांची चणचण कधीच नव्हती. वारकरी, यात्रेकरू, मुशाफिर, फिरस्ते, भटके. प्रत्येकाची पायवाट निराळी आणि समाजातली पत्रासही निराळी. त्यांच्या निवाऱ्याचे शब्दसुद्धा या भेदाला जागतात. हौसेने डोंगरावर रात्र काढणाऱ्याचा तो ‘तंबू’ आणि गावकुसाबाहेर उतरलेल्या भटक्यांचे ते ‘पाल’. कापड दोन्हीकडे कापडच असते. पण पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याची चौकशी. आपल्याकडे तर १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि तो शिक्का कागदावरून पुसला जायला १९५२ साल उजाडावे लागले. हा भेद मनाशी ठेवून आम्ही येथे एका दूरच्या देशातील कौटुंबिक प्रथेचा इतिहास पाहू इच्छितो.

ऑस्ट्रेलियात आईवडील आणि शाळकरी मुले असे सबंध कुटुंब गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून, किंवा टपावर तंबू बांधून, काही महिन्यांसाठी घराबाहेर पडते आणि खंडाला वळसा घालून परत येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे यांचे चाकांवर. या फेरीला तिकडे ‘बिग लॅप’ म्हणतात. तिचा कणा म्हणजे महामार्ग क्रमांक एक. किनाऱ्याकिनाऱ्याने मुख्य भूमीला वेढणारा हा मार्ग सुमारे १४,५०० किलोमीटरांचा असून १९५५ मध्ये राष्ट्रीय मार्गांना क्रमांक देण्यात आले, तेव्हा त्याची कडी जोडली गेली. आम्हांस या फेरीसाठी ‘प्रदक्षिणा’ हाच शब्द जवळचा वाटतो. मात्र प्रदक्षिणा म्हटली की एक प्रश्न आपोआप उभा राहतो : मध्यभागी कोण आहे? नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियन कुटुंबाला मात्र ते शोधावे लागते, आणि तो शोध या प्रथेच्या इतिहासातच दडलेला आहे.

प्रथम वेळेचा हिशेब. नोकरदार माणसाला एवढी रजा मिळते कोठून? ऑस्ट्रेलियात एकाच नोकरीत बरीच वर्षे काढणाऱ्यास दीर्घ सेवेची रजा मिळते. तिचे मूळ १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि साऊथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींच्या सरकारी नोकरीत आहे. जहाजाने इंग्लंडला जाऊन यायलाच महिनेच्या महिने लागत. तेव्हा इमानेइतबारे चाकरी करणाऱ्यास ‘मायदेशी’ जाऊन येता यावे म्हणून ही सवलत निघाली. १९५० च्या दशकात राज्याराज्यांनी कायदे करून ती सर्वसाधारण कामगारांपर्यंत पोचवली. जी रजा आपला देश सोडून दुसऱ्याला घर म्हणण्यासाठी जन्मली, तीच रजा घेऊन आज कुटुंबे स्वतःच्याच देशाभोवती फिरतात. ‘घर’ या शब्दाचा अर्थ शतकभरात कसा सरकला, हे यातून जितके दिसते तितके राजकीय भाषणांतून क्वचितच दिसते.

या खंडाला पहिला वेढा घातला तो मोटारीने नव्हे. १८९९ च्या जूनमध्ये आर्थर रिचर्डसन हा तरुण पर्थहून सायकलवर निघाला आणि सुमारे १८,५०० किलोमीटर तुडवून १९०० च्या फेब्रुवारीत पर्थलाच परतला. मोटारीने पहिली फेरी पुरी केली ती नेव्हिल वेस्टवुड या तरुण धर्मप्रचारकाने, १९२५ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, आणि तीही सित्रोएनच्या एका चिमुकल्या दोन आसनी गाडीतून. ती गाडी आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे दोघेही संसारी प्रवासी नव्हते. संसाराला रस्ता लागतो, पाणी लागते, वेळेवर जेवण लागते. ती सोय महायुद्धाने केली. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. त्याच सुमारास सैन्याच्या गरजेपोटी नलारबोरच्या उजाड पठारावरून जाणारा एअर महामार्ग आखला गेला आणि उत्तरेकडील स्टुअर्ट महामार्गाचा कायापालट झाला. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, पंतप्रधान बेन चिफली यांच्या उपस्थितीत पहिली देशी होल्डन गाडी बाहेर पडली. १९५३ आणि १९५४ च्या रेडेक्स शर्यतींनी तर साध्या प्रवासी गाड्या खाचखळग्यांतून खंडभर पळवून दाखवल्या आणि लोकांच्या मनात येऊ लागले की, जे त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? तरीही डांबर सावकाशच आले : एअर महामार्ग पुरता डांबरी व्हायला १९७६ साल उजाडले, आणि स्टुअर्ट महामार्गाला १९८७.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्नही असाच दुसऱ्या कारणाने सुटला. आडरानातील गुरांच्या वाड्यांवर वाढणाऱ्या मुलांसाठी १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे रेडिओवरून भरणारी शाळा सुरू झाली. फ्लाइंग डॉक्टर सेवेचे जे बिनतारी जाळे आजाऱ्यांसाठी विणलेले होते, त्याच जाळ्यावर पाढे आणि कविता ऐकू येऊ लागल्या. दूरस्थ शिक्षणाची ही सवय समाजाच्या अंगवळणी पडली होती म्हणूनच आज एखादी आई कॅम्पच्या घडीच्या टेबलावर मुलांची वह्यापुस्तके मांडते, तेव्हा कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

येथवरचा इतिहास सुखाचा आहे आणि प्रवासी कुटुंबांना तो बहुधा ठाऊकही असतो. परंतु याच भूमीवर मुलाबाळांसह मुक्काम केलेल्या आणखी तीन कुटुंबांची आठवण काढल्यावाचून हा वृत्तान्त पुरा होतो असे आम्हांस वाटत नाही.

पहिले कुटुंब लेन बीडेल या भूमापकाचे. वूमेरा येथील अस्त्रचाचणी क्षेत्रासाठी आणि ब्रिटनच्या अणुचाचण्यांसाठी जागा हेरण्याचे व वाळवंटातून रस्ते काढण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याच्या छोट्या तुकडीने हजारो किलोमीटरांच्या वाटा पाडल्या. १९५८ मध्ये पुरा झालेला गनबॅरल महामार्ग त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पुढे पत्नी ॲन आणि काही महिन्यांची मुलगी कॉनी स्यू याही त्याच्याबरोबर रानात मुक्कामाला राहिल्या. १९६२ मध्ये रॉलिना ते वॉरबर्टन अशी जी वाट निघाली तिला त्याने लेकीचे नाव दिले, दुसरीला पत्नीचे. नकाशावर आजही ॲन बीडेल महामार्ग आणि कॉनी स्यू महामार्ग आहेत. बापाने लेकीचे नाव वाटेला द्यावे, यात वात्सल्य आहे हे कोण नाकारील? पण त्या वाळवंटातल्या पाणवठ्यांना आणि टेकड्यांना आधीपासून नावे होती. ती नावे घेत फिरणारी कुटुंबेही होती.

दुसरे कुटुंब त्यांच्यापैकीच एक. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये मारालिंगा येथे ‘मार्कू’ नावाचा अणुस्फोट जमिनीलगत करण्यात आला व तेथे मोठा खड्डा पडला. या भागातील मूळ रहिवाशांना आधीच दक्षिणेला यालाटा येथे हलवण्यात आले होते. जे मागे उरले असतील त्यांच्यासाठी इंग्रजीत धोक्याच्या पाट्या लावल्या होत्या, ज्या वाचू शकणारा माणूस त्या रानात विरळाच. १९५७ च्या मे महिन्यात मिलपडी नावाचे एक कुटुंब, म्हणजे आई, वडील, दोन मुले आणि त्यांचे कुत्रे, त्या खड्ड्यापाशी मुक्कामाला असलेले सैनिकांना आढळले. ते नेहमीच्या वाटेने चालत आले होते, इतकेच. त्यांना किरणोत्साराची तपासणी करून आंघोळ घालण्यात आली, त्यांचे कुत्रे गोळ्या घालून मारण्यात आले आणि कुटुंबाची रवानगी यालाट्याला झाली. आई गर्भवती होती; ते मूल जगले नाही. हे सारे जगापुढे आले ते १९८४-८५ च्या मॅक्लेलँड चौकशी आयोगात, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षांनी.

तिसरे कुटुंब चेंबरलेन यांचे. माउंट आयझा येथून मायकेल व लिंडी हे धर्मोपदेशक दांपत्य दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची अझारिया यांना घेऊन उलुरूच्या पायथ्याशी तंबूत उतरले. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री डिंगो या रानकुत्र्याने तंबूतून बाळ उचलून नेले, असा आईचा आक्रोश होता. देशाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ती पुरेशी रडत नाही, तिचा चेहरा कठोर दिसतो, बाळाच्या नावाचा अर्थच अभद्र आहे, अशा कुजबुजीला ऊत आला. १९८२ मध्ये तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचे जाकीट सापडल्यावर ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्दबातल ठरली आणि बाळाच्या मृत्यूला डिंगोच कारणीभूत होता, हे अधिकृतपणे नोंदवले गेले ते २०१२ मध्ये. वास्तविक पहिल्याच रात्री स्थानिक मूळ रहिवासी मागकाढे वाळूत उमटलेल्या डिंगोच्या खुणा वाचत होते. पण न्यायालयात वजन पडले ते दूरच्या शहरांतील तज्ज्ञांच्या शब्दाला.

या तिन्ही कहाण्या आम्ही एका ओळीत मांडतो त्यामागे कारण आहे. पहिलीत भूमी कोरी समजून तिच्यावर नावे लिहिली गेली. दुसरीत त्या भूमीवर चालणाऱ्यांना समजेल अशा भाषेत इशाराही दिला गेला नाही. तिसरीत भूमी वाचू शकणाऱ्यांचे वाचन बिनमहत्त्वाचे ठरले आणि त्याची किंमत एका गोऱ्या आईनेही तुरुंगात बसून मोजली. अज्ञानाला जातगोत नसते; ज्यांनी ते पोसले त्यांच्याही दारात ते येऊन उभे राहते.

मुक्कामाचा भेदही येथे पुन्हा दिसतो. १९६६ च्या निवाड्यानुसार उत्तरेतील गुरांच्या वाड्यांवर राबणाऱ्या मूळ रहिवाशांना १९६८ च्या अखेरीपासून समान वेतन देणे बंधनकारक झाले. न्याय्यच होते ते. पण अनेक मालकांनी वेतन वाढवण्याऐवजी माणसेच कमी केली. फिट्झरॉय क्रॉसिंगसारख्या गावांच्या कडेला विस्थापित कुटुंबांनी पाले टाकली. ज्या रस्त्यावर काही कुटुंबे हौसेने कॅम्प करू लागली होती, त्याच रस्त्यावर काहींना नाइलाजाने कॅम्प करावा लागत होता. इंग्रजीत दोहोंसाठी शब्द एकच आहे. आपल्या मराठीचे दोन शब्द येथे अधिक प्रामाणिक ठरतात.

मग या प्रदक्षिणेला अर्थ नाही असे म्हणावे काय? आमचे मत तसे नाही. प्रवासाने माणूस शहाणा होतोच असे नाही, पण ज्या प्रश्नांना घरी बसून बगल देता येते ते प्रश्न वाटेत आडवे येतात. उलुरूचे मालकीपत्र २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अनंगू लोकांकडे परत आले आणि बरोबर चौतीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, त्यावर चढणे कायमचे बंद झाले. पूर्वीची मुले साखळी धरून शिखरावर जात आणि वर पोचल्याचा अभिमान बाळगत. आजची मुले पायथ्याशी चालत वळसा घालतात. चढाईची जागा प्रदक्षिणेने घेतली, हा बदल मराठी वाचकाला तरी विशेष समजावून सांगावा लागू नये.

मारालिंगाची भूमी १९८४ च्या कायद्याने तिच्या मूळ मालकांकडे आली. ॲन बीडेल महामार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यास आता आधी अर्ज करून त्यांची परवानगी घ्यावी लागते. नकाशावरचे नाव भूमापकाच्या पत्नीचेच राहिले आहे. परवानगी मात्र ज्यांना एकेकाळी तेथून हाकलले त्यांच्याकडून येते. आईवडिलांनी तो अर्ज मुलांना शेजारी बसवून भरावा आणि तो कोणाकडे, कशासाठी करायचा हे त्यांना सांगावे. साऱ्या फेरीतला इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धडा त्या एका कागदात आहे, आणि त्यासाठी गाडी सुरू करण्याचीही गरज नाही.