अ‍ॅव्ह्रो 504 आणि वैमानिक-शिक्षणाची घडण

विमानविद्येच्या इतिहासात लढाऊ विमानांना जे स्थान लाभते, ते प्रशिक्षण-विमानांच्या वाट्यास क्वचितच येते. ब्रिटनमधील अ‍ॅव्ह्रो कंपनीचे 504 हे द्विपंखी विमान याचे ठळक उदाहरण होय. लाकडी सांगाडा व त्यावर ताणलेले कापड अशा घडणीचे हे विमान 1913 मध्ये प्रथम उडाले. 21 नोव्हेंबर 1914 रोजी या जातीच्या तीन विमानांनी जर्मनीतील फ्रीड्रिखस्हाफेन येथील झेपेलिन कारखान्यावर बॉम्बहल्ला केला. परंतु आघाडीवरील त्याचे आयुष्य अल्पच ठरले.

त्या काळचे उड्डाणशिक्षण बव्हंशी दैवाधीन होते. स्पिनमध्ये सापडलेले, म्हणजे गरगर फिरत कोसळू लागलेले विमान सावरण्याचे पद्धतशीर शिक्षण नव्हते आणि अनेक तरुण आघाडीवर पोहोचण्यापूर्वीच प्राणास मुकत. 1917 मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे ही रीतच पालटली. विद्यार्थ्यास प्रारंभापासूनच वैमानिकाच्या आसनावर बसवावे, शिक्षकापुढेही नियंत्रणे असावीत, संकट टाळण्याऐवजी ते हेतुपूर्वक ओढवून घेऊन त्यातून सुटण्याची युक्ती शिकवावी, असा त्याचा आग्रह होता. शिक्षकाचा शब्द साध्या बोलनळीवाटे विद्यार्थ्याच्या कानी पडू लागला. चूक तत्काळ दाखवून देणारे, तरीही ती पोटात घालणारे 504 या पद्धतीस सर्वथा अनुरूप होते. 504के या प्रकारात वेगवेगळी रोटरी इंजिने बसविता येत. त्यांतून उडणाऱ्या एरंडेल तेलाचा वास हा त्या पिढीच्या शिक्षणाचा जणू अविभाज्य भाग होता.

युद्धानंतर लिंक्स इंजिनाचे 504एन आले. 1921 मध्ये जपानी नौदलाच्या वैमानिकांना शिकविण्यास गेलेल्या ब्रिटिश पथकाने 504 विमाने सोबत नेली; दोन दशकांनी तेच नौदल ब्रिटनचे शत्रू ठरले, हा इतिहासाचा उपरोधच. सोव्हिएत रशियाने तर हाती लागलेल्या 504के विमानाची प्रतिकृती यू-1 या नावाने घडविली.

परक्यांना इतक्या मुक्तपणे दिलेली ही विद्या साम्राज्यातील भारतीयांना मात्र सहजी लाभली नाही. महायुद्धात इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिणकर अशा मोजक्यांना वैमानिक होता आले. दोघेही 1918 मध्ये कामी आले. त्यानंतर हे दार दीर्घकाळ बंदच राहिले. 1930 मध्ये क्रॅनवेल येथे भारतीय कॅडेटांची पहिली तुकडी दाखल झाली. तीत सुब्रतो मुखर्जी होते. 1954 मध्ये ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.