लोहमार्ग व स्थानके, अमेरिकेतील : जुन्या छायाचित्रांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लोहमार्ग आणि छायाचित्रण यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ बरोबरीने झाला. त्यामुळे तेथील लोहमार्गांचा इतिहास कागदपत्रांप्रमाणेच काचेवरही नोंदला गेला. तथापि बांधकामाची बरीच छायाचित्रे खुद्द लोहमार्ग कंपन्यांनी काढवून घेतलेली आहेत. भांडवल पुरविणाऱ्यांना व भावी प्रवाशांना काय दिसावे, याचा विचार त्यांमागे होता. ऐतिहासिक साधन म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. परंतु एखादेच छायाचित्र प्रमाण मानल्यास फसगत होते. प्रॉमंटरी येथील सुप्रसिद्ध छायाचित्र हे याचे ठळक उदाहरण होय.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १ जुलै १८६२ रोजी पॅसिफिक लोहमार्गाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार सेंट्रल पॅसिफिक कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे, तर युनियन पॅसिफिक कंपनीने नेब्रॅस्कातील ओमाहाहून पश्चिमेकडे रूळ टाकत आणले. सु. २,८५० किमी. लांबीचा हा मार्ग १० मे १८६९ रोजी यूटा प्रदेशातील प्रॉमंटरी समिट येथे जोडला गेला. या कामाचे चित्रण सेंट्रल पॅसिफिकसाठी आल्फ्रेड हार्ट आणि युनियन पॅसिफिकसाठी अँड्र्यू रसेल यांनी केले. रसेल यांनी त्याआधी यादवी युद्धात लष्करी लोहमार्गांची छायाचित्रे काढली होती.

त्या वेळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची व वाळण्यापूर्वी तंबूतील अंधारात चित्र उमटवावयाचे, असा हा खटाटोप असे. धावती गाडी वा चालते काम अशा काचेवर स्पष्ट येत नसे. म्हणून या चित्रांतील माणसे बहुधा काम थांबवून उभी राहिलेली दिसतात. कोणी उभे राहावयाचे, हे अर्थातच कोणीतरी ठरवीत असे.

रसेल यांच्या प्रॉमंटरी येथील छायाचित्रात ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ ही दोन एंजिने समोरासमोर उभी आहेत, दोन्ही कंपन्यांचे प्रमुख अभियंते सॅम्युएल माँटेग्यू व ग्रेनव्हिल डॉज हस्तांदोलन करीत आहेत आणि एंजिनांवर चढलेल्या माणसांनी बाटल्या उंचावल्या आहेत. शालेय पुस्तकांतून हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. सेंट्रल पॅसिफिकच्या कामगारांपैकी बहुसंख्य चिनी होते. एका वेळी त्यांची संख्या १०,००० च्या वर होती. सिएरा नेव्हाडाच्या कठीण खडकात त्यांनी बोगदे खोदले आणि गोऱ्या कामगारांहून कमी मोबदला मिळत असल्याने जून १८६७ मध्ये संपही केला. कंपनीने अन्नपुरवठा तोडून तो सु. आठवडाभरात मोडला. या गर्दीत मात्र त्यांचा चेहरा ओळखू येत नाही.

याचा अर्थ छायाचित्रकारांनी त्यांना पाहिलेच नाही, असा नव्हे. शेवटचा रूळ बसविणाऱ्या चिनी कामगारांचे रसेल यांचे त्याच दिवसाचे वेगळे छायाचित्र उपलब्ध आहे. हार्ट यांच्या तीनशेहून अधिक जोडचित्रांपैकी एकात डॉनर खिंडीजवळील आठव्या बोगद्याच्या तोंडाशी कावडीने चहा नेणारा चिनी इसम दिसतो. काचा होत्या, प्रसिद्धी मिळाली ती एकीलाच. चिनी मजुरांना देशात येण्यास १८८२ च्या कायद्याने बंदी झाली व चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग १९४३ पर्यंत बंदच राहिला. १९६९ च्या शताब्दी समारंभात वाहतूक मंत्र्यांनी बोगदे खोदण्याच्या पराक्रमाचे श्रेय अमेरिकनांना दिले आणि चिनी कामगारांचे नावही घेतले नाही. १० मे २०१४ रोजी छायाचित्रकार कॉर्की ली यांनी त्या कामगारांच्या वंशजांना प्रॉमंटरी येथे जमवून तेच दृश्य पुन्हा टिपले.

छायाचित्रकारांच्या नावांबाबतही असाच अन्याय झाला. हार्ट यांच्या काचा पुढे कार्लटन वॉटकिन्स यांच्याकडे गेल्या व त्यांनी त्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केल्या. 

स्थानकांची बहुसंख्य छायाचित्रे यानंतरची आहेत. १९०३ पासून पोस्टकार्डाच्या आकाराचा कोडॅक कॅमेरा मिळू लागला आणि गावोगावच्या लाकडी स्थानकांची चित्रे टपालाने फिरू लागली. तारयंत्रावर बसलेल्या मास्तरास दोन्ही बाजूंचे रूळ दिसावेत म्हणून पुढे काढलेली खिडकी ही त्यांची खूण होय. दक्षिणेकडील राज्यांत गोरे व कृष्णवर्णीय यांसाठी वेगळ्या प्रतीक्षागृहांची सक्ती असे. केवळ दोन दारे पाहून मात्र तसा निष्कर्ष काढू नये, कारण स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रतीक्षागृहे इतरत्रही होती; दारावरील पाटी वाचता आली तरच खात्री पटते. न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक १९१० मध्ये खुले झाले व १९६३ पासून पाडण्यात आले. बेरेनिस ॲबट यांनी टिपलेले त्याचे पोलादी छत आता केवळ छायाचित्रांतच पाहावयास मिळते.

प्रॉमंटरीवरून जाणारा मार्गही १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट सरोवरावरून काढलेल्या नव्या मार्गामुळे मागे पडला. तेथील रूळ १९४२ मध्ये युद्धकार्यासाठी उखडण्यात आले. दोन्ही मूळ एंजिने त्यापूर्वीच मोडीत निघाली होती. १९७९ मध्ये त्यांच्या चालत्या प्रतिकृती तयार झाल्या, त्या मुख्यतः जुन्या छायाचित्रांवरून मापे घेऊन. रंग मात्र कृष्णधवल काचांतून कळणे शक्य नव्हते. ‘ज्युपिटर’ला प्रथम लाल रंग दिला गेला, तत्कालीन वृत्तपत्रातील वर्णन हाती आल्यावर ते निळे करण्यात आले.