एरोचं रक्त

गेल्या वर्षी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेदहा. दोन जिने चढल्यावर धाप का लागते, ते कळलं. त्याच आठवड्यात मी एरो मँतीरांताबद्दल वाचलं. फिनलंडच्या या स्कीपटूचं हिमोग्लोबिन वीसच्याही वर असायचं. कुठलंही औषध न घेता.

एरोचा जन्म १९३७ सालचा, स्वीडनच्या सीमेलगतच्या पेल्लो भागातला. तिकडची मुलं गोठलेल्या तळ्यावरून स्की करत शाळेत जायची. एरोने पोरवयातच जंगलात मजुरी केली. त्यातून सुटायचं म्हणून तो स्कीइंगच्या मागे लागला आणि त्या जोरावर त्याला सीमारक्षकाची नोकरी मिळाली.

१९६० च्या ऑलिंपिकमध्ये त्याला रिलेचं सुवर्ण मिळालं. पण खरा धक्का बसला तो १९६४ साली, इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये. १५ किलोमीटरच्या शर्यतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात जेमतेम सात सेकंदांचं अंतर होतं. एरो त्या दोघांच्या चाळीस सेकंद पुढे होता! ३० किलोमीटरही त्यानेच जिंकली. कारकिर्दीत एकूण सात ऑलिंपिक पदकं.

साहजिकच कुजबुज सुरू झाली : हा रक्तात काहीतरी गडबड करतो.

उत्तर यायला १९९३ साल उजाडलं. अल्बर्ट द ला शापेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरोच्या कुटुंबाचा अभ्यास केला. आपल्या शरीरात ईपीओ नावाचं संप्रेरक असतं. तांबड्या पेशी तयार करा, असा निरोप ते अस्थिमज्जेला देतं. पुरेशा पेशी झाल्या की हे काम थांबवणारा एक ब्रेक असतो. एरोच्या एका जनुकात बदल होता आणि त्यामुळे हा ब्रेकच नीट लागत नव्हता. पेशी जास्त, म्हणून स्नायूंना प्राणवायूही जास्त. पुढे अनेक खेळाडूंनी इंजेक्शनं टोचून जे चोरून मिळवलं, ते एरोला जन्मतःच मिळालं होतं.

मग तो निर्दोष ठरला का? रक्ताच्या बाबतीत, हो. पण १९७२ साली त्याच्या चाचणीत अॅम्फेटामाइन सापडलं होतं. तो डाग जनुकाने पुसला जात नाही.

आणि त्याच्या पदकांचं काय? आधी मला वाटलं, ही तर लॉटरीच. मग एक आकडा वाचला : हाच बदल त्याच्या २९ नातेवाइकांमध्ये सापडला. एरोचा एक भाचा १९७६ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकलाही. पण बाकीचे बहुतेक जण साधं आयुष्य जगले. रक्त तेच होतं. जंगलातल्या मजुरीतून सुटायची एरोची घाई मात्र त्यांच्यातल्या प्रत्येकाला नव्हती.

माझं हिमोग्लोबिन आता बारा आहे. जिने अजून तेवढेच आहेत. रोज चढतेय.