कधीही समुद्रात न उतरलेले जहाज

१/ युद्धकाळात आई ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात होती, एवढेच मुलांना ठाऊक. काय करत होती, असे विचारले की उत्तर ठरलेले: कारकुनी काम. तिच्या पश्चात सेवानोंद मागवली, तर नेमणुकीच्या जागी दिसते ‘एचएमएस पेम्ब्रोक ५’. ब्रिटनमधील अनेक कुटुंबांना हेच कोडे पडले.

२/ ‘एचएमएस’ हे ब्रिटिश युद्धनौकेच्या नावाआधीचे उपपद. मात्र नौदलाच्या किनाऱ्यावरील आस्थापनांनाही ते लावले जाते. ‘पेम्ब्रोक ५’ हे ब्लेचली पार्क व त्याच्या उपकेंद्रांतील महिला नौसैनिकांच्या नेमणुकीचे कागदोपत्री नाव होते. ब्लेचली लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरवर, समुद्रापासून दूर!

३/ तेथे जर्मन ‘एनिग्मा’ यंत्राचे गुप्त संदेश उकलले जात. ॲलन ट्युरिंग व गॉर्डन वेल्चमन यांच्या आराखड्यानुसार ‘बॉम्ब’ नावाची यंत्रे बनली. युद्धाअखेर त्यांची संख्या २०० हून अधिक होती. ती अहोरात्र, पाळ्यापाळ्यांनी चालवली ती प्रामुख्याने या तरुणींनी.

४/ प्रत्येकीला आपल्या कामापुरतेच सांगितले जाई. उकललेल्या संदेशात काय होते, हे यंत्र चालवणारीला सहसा कळत नसे. त्यामुळे मुलांना सांगण्याजोगी संपूर्ण कथा तिच्यापाशीही नव्हती.

५/ १९४५ च्या सुमारास येथे जवळपास ९,००० माणसे होती. त्यांत तीन चतुर्थांश स्त्रिया. युद्ध संपले, बहुतेक यंत्रे मोडून टाकली गेली. गुप्ततेचे बंधन मात्र सुटले नाही. १९७४ मध्ये विंटरबॉथम यांचे ‘द अल्ट्रा सीक्रेट’ प्रसिद्ध झाले, तेव्हा हे रहस्य जगापुढे आले. तोवर अनेकींचे आईवडील निवर्तले होते. आपल्या लेकीने काय केले, हे त्यांना कधीच कळले नाही.

६/ आज शोधाची वाट मोकळी आहे. सेवानोंदीतील नाव व तारखा ब्लेचली पार्कच्या सन्मानयादीशी ताडून पाहता येतात. त्यातून ठिकाण समजते, काळ समजतो. रात्रपाळीतला थकवा, मैत्रिणी, भीती यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

७/ २००९ मध्ये ब्रिटिश सरकारने हयात कर्मचाऱ्यांसाठी स्मृतिचिन्ह जाहीर केले. तोपर्यंत कित्येकजणी मौन पाळतच गेल्या होत्या. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात: सरकारी कागद कधीकधी लपवण्यासाठीच लिहिलेला असतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांचे मौन म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे. कागद थांबतो; माणूस थांबत नाही. प्रश्न वेळेत विचारावा.